जात्यापलीकडची पाटी

आमच्या सिद्रामला एका जागी बसवायचं म्हणजे कोंबडीला पाटावर बसवायचं. बूड टेकलं न टेकलं की उठला. सहा वर्साचं पोर, पर कान असे तिखट, की रस्त्यानं गाडी गेली तर घुंगराच्या आवाजावरनं बैल कुणाचे ते सांगायचा. सांगून गप बसंल तर शपथ! आपण सांगितलं ते खरं निघालं का, हे बघायला दाराबाहेर पळायचा. मग तिकडं कुत्र्याचं पिल्लू दिसायचं, पिल्लाच्या मागं उकिरडा, उकिरड्यावर काहीतरी चकाकणारं. पाटी आपली उंबऱ्यात पडलेली, अन् मी बोंबलत बसलेली.

निंबर्ग्यात तवा शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी अन् गुरुपादय्या. अय्या मठातले जंगम. सकाळी झोळी घेऊन घरोघर भिक्षेला यायचे, अन् भिक्षा झाली की त्याच घरांतली पोरं गोळा करून शिकवायचे. मराठी घरच्यांना मराठी, कानडी घरच्यांना कानडी. आखाडात एक दिवस मी झोळीत जोंधळे घातले, तरी अय्या हालंनात.

"राजूबाई," म्हणले, "पोरगं वाईट न्हाई तुमचं. पर ते उठलं की माझी सगळी पडवी उठती. थोडे दिवस घरीच ठेवा. बसायची सवय लागू द्या, मग आणा."

"घरी शिकवणार कोण, अय्या? ह्याच्या बापाला सही तेवढी येती. मला तर तेबी न्हाई."

"मी रोज येतोच की. पाटीवर दोन अक्षरं काढून देईन, त्याला नावं सांगीन. त्यानं गिरवायची. तुम्ही नुसतं बसवा."

नुसतं बसवा! बोलणाऱ्याचं काय जातंय. पर देवमाणसाला उलटून बोलू नये म्हणून मी रिकामं सूप घेऊन आत गेले.

हे एवढंच असतं तर मी काही जिवाला लावून घेतलं नसतं. पर पंचमीला थोरले दीर आले. भगवानराव गुलबर्ग्याला वकिलाकडं कारकून. शिकलेले, कोट घालणारे. जाऊबाई सुमनबाई लई मायाळू, पर पदरात लेकरू न्हाई. दिरांनी सिद्रामची तऱ्हा बघितली, अन् जेवता जेवता माझ्या मालकांना म्हणले, "आप्पा, ह्याला मी घेऊन जातो. तिथं शाळेत घालतो. आता सगळी कचेरी उर्दूत चालते, बिनशिकलेल्याला कोण विचारतं? इथं ठेवलास तर ह्याचा बैल होईल."

आमचे मालक आप्पाराव बाहेर वाघ. भावापुढं मात्र, "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा."

मी दाराआड. आमच्यात थोरल्या दिरापुढं तोंड उघडायची रीत न्हाई, डोईवरचा पदर ढळू द्यायचा न्हाई. काही सांगायचं असंल तर बांगड्या वाजवायच्या, मग नवऱ्यानं आत यायचं. मी अशा वाजवल्या की एक फुटलीच. मालक आत आले तसं मी त्यांचा हातच धरला.

"सांगून ठेवते, एकदा गेलेलं लेकरू परत येत न्हाई. सणाला येईल, पाहुण्यागत. पाटावर बसंल, गोडधोड खाईल, अन् जायच्या दिवशी मला वाकून नमस्कार करंल. मला नको तसला लेक."

"मग शिकव की तू!" म्हणले मालक. रागानं म्हणले, पर बाहेर जाऊन त्यांनी भावाकडनं मुदत तेवढी मागून घेतली. मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीला, दीर परत येणार. शेतात कोपीपुढं जेवणं झाली की ते स्वतः सिद्रामला पाटीवर विचारणार. पोरानं बसून वाचलं तर इथंच राहणार, न्हाईतर त्याच गाडीत गुलबर्ग्याला.

झालं. मी कंबर कसली.

गावात सल्ला काय फुकटचा. कुणी म्हणलं, वेखंड उगाळून जिभंला लावा. लावलं. पोरगं थुंकत थुंकत विहिरीपर्यंत गेलं. कुणी म्हणलं, देवापुढं उगवतीकडं तोंड करून बसवा. बसवलं, तर पिंडीवरच्या बेलाच्या पानावर मुंगळा कसा चढतोय हे बघत बसला. शेजारची नागम्मा म्हणली, मठातला दोरा बांधा. बांधला. त्या दोऱ्यानं ह्यानं भोवरा फिरवला. मग माझं टाळकं फिरलं, अन् मी दोन धपाटे घातले. रडला, डोळे पुसले, अन् हुंदके देत देतच म्हणतोय, "आये, तू मारलीस तवा बांगडी वाजली न्हाई. कामून?"

आता ह्याला काय म्हणावं! पालथ्या घड्यावर पाणी. मी कपाळावर हात मारून घेतला.

पर त्या दिवशी मला खरोखरच नवल वाटलं. मार खाताना ज्याचं ध्यान बांगडीकडं जातंय, त्याला ध्यानच न्हाई असं कसं म्हणावं? मग ते जातंय तरी कुठं? दुसऱ्या दिवशी मी काम बाजूला टाकलं अन् त्याच्यावर पाळत ठेवली. पाटी घेतली, ठेवली. दारात गेला. परत आला, अन् मला म्हणाला, "आये, कल्लप्पाचा एक बैल लंगडायलाय." परत गेला. परत आला. "आये, चिमणीनं गवत न्हाई, दोरा नेलाय." दिवसभर असंच. मग माझ्या ध्यानात आलं, हा जातो तो परत यायलाच जातो. काहीतरी बघायचं, अन् ज्यानं बघितलं न्हाई त्याला येऊन सांगायचं. अन् मी रोज काय म्हणत होते? गप बस, अक्षरं काढ.

हे कळलं, पर त्याचं करायचं काय ते काही कळंना.

माझं दळण दुपारचं. सासूबाई होत्या तोवर पहाटंचं होतं, आता मीच मालकीण. एक दिवस दळायला बसले, तर सिद्राम पाटी घेऊन जात्याच्या पलीकडं येऊन टेकला. मधी जातं, इकडं मी, तिकडं तो, अन् पाटी त्याच्या मांडीपुढं. मी खुंटा फिरवतेय अन् सहज नजर गेली. अय्यांनी सकाळी काढून दिलेलं एक अक्षर मोठं गमतीचं दिसलं.

"हे काय रं, पाय वर करून पडल्यागत?"

"हे? हे ग हाय."

"अन् हे शेजारचं? हेबी गच की."

"न्हाई गं!" पोरगं गुडघ्यावरच उभं राहिलं. "ह्याला बघ की, इकडं वळलंय. हे म! दोन्ही एक कसं असंल?"

"मला बाई दोन्ही सारखीच दिसतात."

तर त्यानं पुसलं, अन् मला दिसावं म्हणून मोठ्ठं काढलं. परत चुकले. परत काढलं. सूप रिकामं झालं, पीठ भरून झालं, तरी पोरगं जागचं हाललं न्हाई. रस्त्यानं गाडी गेली, अन् मीच म्हणले, "कुणाची रं?" तर म्हणतोय, "असंल कुणाची. तू हिकडं बघ."

मी पाटीकडं बघितलं.

आता हे झालं कशानं? आधी मला वाटलं, जात्याच्या घरघरीनं. बाहेरचं ऐकूच येत न्हाई, मग कान तरी पळतील कुठं? म्हणून मी रोज जास्त दळायला लागले. रिकामं जातं फिरवू नये, घराला चांगलं नसतं, मग दाणे आणायचे कुठनं? नागम्माचं दळण मागून आणलं. नागम्मा खूष, सगळ्या गल्लीला सांगत सुटली, राजूबाईला म्हणं उपरती झाली. माझे खांदे भरून आले. पर एक दिवस माझी दाढ ठणकायला लागली. तोंड उघडवंना. मी मुकाट दळत बसले, अन् जातं घरघर चाललेलं असताना सिद्राम उठला अन् गेला पिल्लाकडं.

म्हणजे जातं न्हाई तर! नागम्माचं पीठ मी उगंच दळलं. पोरगं बसायचं ते माझ्या विचारण्यापायी. मला येत न्हाई, अन् त्याला येतं, त्यापायी.

मग मी शहाणपणा करायला गेले. जी अक्षरं मला पाठ झाली होती, तीबी मुद्दाम चुकवली. "हे काय रं, ग का?" त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. नुसतं बघितलं. "तुला ठावं हाय," म्हणला, अन् पाटी घेऊन उठला. पोराला खोटं चुकलेलं लगेच कळायचं. तवा मला एकच वाट राहिली. आधीचं खरं शिकायचं, म्हणजे पुढचं खरं चुकता येईल. वर्सभर धान पाखडलं तरी एवढी मेहनत पडली नसती, देवा.

पर गंमत वाटायला लागली, हे खरं. भाकरी थापताना मला अक्षरं दिसायची. एक एक अक्षर सुटं होतं तोवर ठीक. मग अय्या दोन दोन, तीन तीन जोडून, काना-मात्रा लावून द्यायला लागले, अन् मी अधीर. दोन अक्षरं बघायची अन् पुढचं मनानं ठोकून द्यायचं. घरचं असंल तिथं घरटं म्हणायचं. सिद्राम चिडून लाल व्हायचा. "पुढचं बघ की आये! अर्धं बघून पळतीस!" अन् मग बोट ठेवून एक एक अक्षर मला दाखवायचा. मी उजव्या हाताकडनं सुरू करून डाव्या हाताकडं वाचत जायची. त्यात मला काही वावगं वाटलं न्हाई. सरकारी गिरदावर वसुली बघायला गावात यायचा, चावडीच्या कट्ट्यावर बसून उर्दूत लिहायचा, तवा घागर घेऊन जाताना मी कितीदा बघितलं होतं. त्याचा हात उजवीकडनंच डावीकडं जायचा. सरकारचंच लिहिणं तसं, मग आपलं तरी वेगळं कशाला असंल?

अय्या भिक्षेला आले की पाटी बघायचे अन् डोकं हालवायचे. "बसतो का हो?" म्हणायचे. "बसतो," म्हणायची मी. "कसा?" म्हणले की मी झोळीत जोंधळे घालून आत पळायची. पोराला शिकवता शिकवता बाई शिकायलीय, हे गावात कळलं असतं तर हसून मेले असते सगळे.

येळवस आली. जोंधळा डोक्याएवढा झालेला. आमच्या शेतात बोरीखाली कडब्याची कोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. मालकांनी "ओलगे ओलगे" करत शेतभर आंबील शिंपडलं. भज्जी, उंडे, खीर, सगळं झालं. सुमनबाईंनी सिद्रामसाठी जरीची टोपी आणलेली. त्या ती पुन्हा पुन्हा त्याच्या डोक्यावर बसवून बघायच्या. गाडीत त्यांनी एक लहान वाकळबी आणली होती. वाटंत पोराला थंडी वाजू नये म्हणून.

जेवणं झाली. दीर घोंगडीवर बसले, कोपीकडं पाठ करून. समोर सिद्राम. आम्ही बाया कोपीच्या तोंडाशी भांडी आवरायलो होतो. दिरांनी पाटीवर लिहिलं, अन् पाटी पोरापुढं भुईवर ठेवली.

"वाच."

सिद्रामनं जोंधळ्याकडं बघितलं. तिकडं राघूंचा थवा उतरला होता. गोफणीचा आवाज आला, तिकडं बघितलं. वाटंनं शिवशंकरप्पाची गाडी गेली घुंगरं वाजवत, तिकडं मान वळली. मी आंबिलाचं मडकं उराशी धरून दोन पावलं पुढं सरले.

"सिद्राम, इकडे बघ. पाटीवर काय लिहिलंय?"

"थोरले अप्पा," पोरगं म्हणलं, अगदी सरळ मनानं, "तुम्हीच लिव्हलाव की. तुम्हाला ठावं हाय, मग मला कामून इचारायलाव?"

अग्गो बाई! मला तर सगळं उमगलं, पर दिरांना कसं उमगावं? त्यांचं तोंड लाल झालं. "उद्धटबी झालाय," म्हणले. "आप्पा, मी सांगत होतो. ह्याचे कपडे बांधायला सांग."

मालकांनी मान खाली घातली. सुमनबाई उठल्या. त्यांनी वाकळ उचलली. ती वाकळ बघितली, अन् माझं भान गेलं. रीत गेली, पदर गेला, थोरले दीर गेले. त्यांच्या खांद्यावरनं मला पाटी दिसत होती, जशी रोज जात्यापलीकडनं दिसायची तशीच. स होता, र होता. पोराला आठवण करून द्यावी म्हणून मी ओरडले,

"सरकी! सिद्राम, सरकी हाय ते!"

सिद्रामनं राघू सोडले, गाडी सोडली, अन् माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला बघायची.

"न्हाई गं आये! सर वाचलीस अन् पळालीस परत! पुढं प हाय, ण हाय. सरपण! सरपण हाय ते!" अन् कंबरंवर हात ठेवून म्हणतोय, "लक्ष कुठं हाय तुझं?"

आखाडापासनं जे मी त्याला म्हणत आले, ते चारचौघांत मलाच. मी पदर ओढला अन् मडक्याआड तोंड लपवलं.

दीर मागं वळले न्हाईत. रीत त्यांनी पाळली. पाटी पुसली, दुसरं लिहिलं, अन् पोरापुढं आडवीच, पर थोडी उंच धरली, खांद्यावरनं मला दिसंल अशी. मी वाचायला तोंड उघडलं अन् मधीच अडले. सिद्रामनं पुढचं सांगितलं. आणखी एक लिहिलं. मी चुकले, त्यानं धरलं. राघू आले अन् गेले. पोरगं मांडी घालून बसलं ते बसलंच.

मालक तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघायले होते. नवऱ्याला इतक्या वर्सांत कळलं न्हाई अशी एक तरी गोष्ट बाईकडं असावी.

शेवटी दीर आणखी एक लिहून उठले अन् मालकांना म्हणले, "आप्पा, तिला म्हणावं, हे वाच." पाटी त्यांनी माझ्यापुढं आणून ठेवली, नीट, सरळ.

मी बघितलं. एक अक्षर ओळखीचं लागंना. सगळी परक्या गावची. कुठनं सुरू झालंय, कुठं संपलंय, काही कळंना. मी उजवीकडनं बघितलं, डावीकडनं बघितलं.

"घोकलेलं दिसतंय," दीर हळू म्हणले. कोपीमागं गड्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात सिद्राम उठला. काही न बोलता त्यानं पाटी धरली अन् उलटी फिरवून माझ्यापुढं ठेवली.

"तिला अशी द्यायची असती, थोरले अप्पा," म्हणला. "आये माझ्या समोर बसती की."

अन् मला वाचता आलं. "घरदार," म्हणले मी. चुकले न्हाई.

कुणी हसलं न्हाई आता. दिरांनी पाटी उचलली. एकदा सरळ धरून बघितली, एकदा उलटी. मग पाटी पोराच्या हातात दिली, अन् सुमनबाईंकडं न बघता म्हणले, "वाकळ ठेव. गुलबर्ग्याला शाळा आहे, मास्तर आहेत, सगळं आहे. पण तिथं ह्याच्या समोर कोण बसंल?"

सुमनबाईंनी वाकळीची घडी घातली. घालताना त्यांचे हात माझ्याच्यानं बघवंनात. मी जाऊन त्यांच्यापाशी बसले. टोपी त्यांनी सिद्रामच्या डोक्यावरच राहू दिली. म्हणल्या, "मलाबी वाचता येत न्हाई गं, राजू. ह्याला म्हणावं, सुट्टीला आला की मलाबी अक्षरं विचारू दे." मला रडू आलं, त्यांच्यासाठीबी अन् माझ्यासाठीबी.

दुसऱ्या दिवशी मी दळायला बसले. सिद्राम टोपी घालूनच आला, अन् रोजच्या जागी टेकला. मी खाली बघितलं, तर पाटीवरची अक्षरं पुन्हा परक्या गावची.

"हे काय रं? उलटी कामून ठेवलीस?"

"सुलटी हाय, आये. तुझ्याकडं तोंड करून ठेवलीय," म्हणला. "रोज तूच उलटी बघत होतीस. आता मी उलटी बघतो. तू सुलटी शीक."

अन् मान वाकडी करून, डोळे बारीक करून, माझा सिद्राम त्याच्या बाजूनं उलटं झालेलं अक्षर ओळखत बसला. रस्त्यानं कुणाचीतरी गाडी गेली. आम्हां दोघांनाबी कळलं न्हाई कुणाची ते.